पाठीतला दाणा

मोठेबाबा एका चपलेनं घरी आले तेव्हा आम्ही सगळे हसलो. सगळ्यात जास्त मी हसलो.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. किन्हीराजाला आमचं घर आहे, वावर गावापासून फार लांब नाही. हिवाळ्याचे दिवस होते, हरभऱ्याला पाणी देऊन ते परत आले होते. उजव्या पायात चप्पल आणि डाव्या पायाला घोट्यापर्यंत काळा चिखल. मोठाई, म्हणजे त्यांची बायको, अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दुसरी चप्पल कुठं, असं तिनं विचारलं. ते म्हणाले, पायात आहे की. मग त्यांनी खाली पाहिलं, आणि कोणीतरी भलत्याच माणसाचा पाय आपल्याला आणून लावलाय असं त्यांचं तोंड झालं. चप्पल पाटाच्या चिखलात रुतून बसली होती. तिथून घरापर्यंत हा माणूस धसकटं तुडवत, वाटेत दोघातिघांशी सोयाबीनच्या भावावर बोलत चालत आला होता आणि त्याला पत्ताच नव्हता.

आमच्या घराण्यात किस्से सांगायचं काम माझ्याकडं आहे. ते मला कोणी दिलेलं नाही. लग्नात काही जण न सांगता पंगतीत वाढायला उभे राहतात, तसं मी ते घेतलंय. वय पन्नाशीच्या पुढं, पोट त्याहून पुढं, आणि वाशीमला कचेरीजवळ झेरॉक्सचं दुकान. गिऱ्हाईक नसलं की मी मनातल्या मनात किस्से घासूनपुसून ठेवतो. चपलेचा किस्सा मी त्या उन्हाळ्यात प्रत्येक लग्नात सांगितला. पहिल्यांदा घडला तसाच सांगितला. मग त्यात एक कुत्रं घातलं, ते चप्पल तोंडात धरून मोठेबाबांच्या मागं मागं येतं. पुढच्या लग्नात कुत्र्यासोबत तलाठी आला. मोठेबाबा समोरच बसलेले असायचे आणि मी कुत्र्यापाशी आलो की उपरण्यानं डोळे पुसत हसायचे.

दुसऱ्यांदा मात्र कोणी हसलं नाही. पावसाळा सरता सरता एका सकाळी ते आंघोळीला बसले. मोठाईनं चुलीवरचं आधण बादलीत ओतलं आणि गार पाण्याची घागर आणायला ती वळली. तेवढ्यात त्यांनी तांब्या बुडवून डाव्या पायावर ओतला. ओरडले नाहीत. दुसरा तांब्या भरला. मोठाईला वाफ दिसली आणि तिच्या हातातली घागर सुटली. ती किंचाळली म्हणून आम्ही धावलो. पायावर फोड टरारून आले होते आणि मोठेबाबा तिलाच विचारत होते, "काय झालं वं? काहून ओरडून राह्यली?"

वाशीमच्या डॉक्टरांनी भाजलेल्या पायाला मलम लावलं, गुडघ्यावर छोटी हातोडी मारून पाहिली, आणि कमरेचा एक्स-रे काढायला सांगितला. तो त्यांनी खिडकीच्या उजेडात धरला. मणक्यांच्या उतरंडीशेजारी एक पांढराशुभ्र ठिपका होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. डॉक्टर तरुण होते. हे काय, असं त्यांनी विचारलं.

"थो छर्रा हाये," मोठेबाबा म्हणाले. "जुना हाये. त्याचं काही नाही."

घरात वर्षानुवर्षं राहिलेल्या पाहुण्याची आता कोणाला ओळखही करून द्यावीशी वाटत नाही, तसं ते बोलले. आम्हालाही ते लहानपणापासून माहीत होतं. मोठेबाबा फौजेत होते, लढाईच्या सालात सरहद्दीवर जवळच गोळा फुटला आणि त्याचा तुकडा पाठीत शिरला. कमरेच्या जरा वर, मणक्याच्या डाव्या अंगाला कातडी चुन्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली आहे. आम्ही भावंडं तिथं बोट लावायला भांडायचो. आत दाणा आहे म्हणून सांगायचे ते. मला तर बरीच वर्षं वाटायचं की तो कधीतरी उगवेल.

डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. पायाकडं जाणाऱ्या शिरा त्या जागी कुठंतरी दबताहेत. वेळेत मोकळ्या झाल्या तर पाय राहतील. नाही तर आधी डावा जाईल, मग उजवा, आणि मग लघवीवरचा ताबा. शिरा पाहायच्या तर एमआरआय पाहिजे. पण ते मशीन म्हणजे भलामोठा लोहचुंबक. पाठीतला दाणा लोखंडाचा असला तर मशीनमध्ये तो जागचा हलेल, आणि बसलाय तो मणक्याला चिकटून. तेव्हा ऑपरेशन झालं होतं का, झालं असेल तर त्याचा कागद असेलच, असं ते म्हणाले. काय काढलं, काय आत ठेवलं आणि ते कशाचं आहे, एवढी एक ओळ मिळाली तरी पुढचे डॉक्टर काम करू शकतील.

कागद म्हटल्यावर माझी छाती फुगली. अर्ध्या जिल्ह्याचे सातबारे, जातीचे दाखले आणि कोर्टाच्या तारखा माझ्या मशीनच्या काचेखालून गेल्यात. कोणता कागद कोणत्या खिडकीत चालतो हे मला माझ्या बायकोच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ आहे. मी म्हटलं, मोठेबाबा, कागदाचं माह्यावर सोडा. असं म्हणालो आणि लगेच ऑटोत बसवताना त्यांचा डावा पाय मला दोन्ही हातांनी उचलून आत ठेवावा लागला.

घरी आल्यावर आम्ही त्यांची लोखंडी पेटी उघडली. फौजेतून आणलेली, झाकणावर त्यांचा नंबर रंगवलेला. उघडली तर आतून शाली निघाल्या. एकावर एक, घड्या न मोडलेल्या. दर सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला गावात मोठेबाबांचा सत्कार होतो. शाळेत होतो, ग्रामपंचायतीत होतो, गणपतीच्या मंडळात होतो, आणि एका साली नवीन कृषी केंद्राच्या उद्घाटनालाही झाला होता. नारळाची चटणी होते आणि शाल पेटीत जाते. मोठाई एकेक शाल काढून माझ्या खांद्यावर टाकत गेली. मी सत्कारमूर्तीसारखा उभा, अंगाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. तळाशी एक पट्टा, एक मग, साबणाच्या डबीत पितळी बटणं आणि एका तुकडीचा फोटो, ज्यात सगळे सारखेच दिसत होते. दवाखान्याचा एक कपटाही नव्हता.

निघताना काहीच दिलं नव्हतं का, मी विचारलं.

"देल्ला होता ना एक कागद," मोठेबाबा म्हणाले आणि त्यांनी मान वर केली. मीही केली.

देवघराच्या वरच्या भिंतीवर एक फ्रेम आहे. मी जन्मल्यापासून ती तिथंच आहे. दसऱ्याला तिच्यावर आपट्याचं पान खोचतात, दिवाळीत तिला हळदीकुंकू लागतं. आत इंग्रजीत टाइप केलेला एक पिवळा कागद. आम्ही सगळे ते शौर्याचं प्रमाणपत्र समजत होतो आणि पाहुण्यांनाही तसंच सांगत होतो. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्टुलावर चढून, चष्मा लावून तो वाचला. फौज सोडतानाच्या तपासणीचा कागद होता. तक्रार काही नाही. अपंगत्व काही नाही. आणि शेवटी शिक्क्याजवळ, माझ्या पोराच्या व्यायामशाळेच्या पाटीवर असतो तो शब्द. फिट.

मोठेबाबांचा सगळा इतिहास पुसून टाकणारा कागद आम्ही इतकी वर्षं हळदीकुंकू लावून पुजत होतो.

त्यामागची गोष्ट मला तुकड्या-तुकड्यानं माहीत होती, पण ती सोयरिकीची गोष्ट म्हणून. मोठाईचं माहेर रिसोडकडचं. मोठेबाबा दवाखान्यात होते तेव्हा लग्न ठरलेलं होतं, पण साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, व्हायचं होतं. मोठाईच्या वडिलांच्या कानावर गेलं की नवरदेवाला पाठीत लागलंय. त्यांनी माझ्या आजोबांकडं निरोप पाठवला की आम्ही पोरगी धडधाकट माणसाला देऊ केली होती. तिकडं दवाखान्यात डॉक्टर म्हणत होते, अजून थोडं थांब, डॉक्टरांच्या बोर्डासमोर उभा राहा, किती अपंगत्व आहे ते लिहून देतो, पुढं जन्मभर कामी येईल. पण अपंग असा शिक्का घेऊन गावात आलं तर सोयरीक मोडणार. मोठेबाबांनी घरची अडचण सांगून नाव कमी करून घेतलं. निघतानाच्या तपासणीत डॉक्टरांनी काही त्रास होतो का म्हणून विचारलं, तर टाचा जुळवून म्हणाले, सब ठीक, साहब.

साक्षगंधाच्या दिवशी शाळेच्या मास्तरांनी तो कागद सगळ्या पाहुण्यांसमोर मराठीत उलगडून वाचला. तरी मोठाईच्या वडिलांचं समाधान होईना. बैल घेताना चालवून पाहतात, तसं त्यांनी नवरदेवाला विहिरीवरून भरलेली बादली आणायला सांगितलं. सगळा मांडव वळून पाहत होता. मोठेबाबा गेले आणि पाणी न सांडता आले. परेडला चालतात तसे चालले, असं आजोबा मरेपर्यंत सांगत. सासरा इतका खूश झाला की त्यानं रिसोडच्या बाजारातून त्या कागदाला काच आणि चौकट करून आणली. आंदणातल्या भांड्यांसोबत ती फ्रेम आमच्या घरी आली.

आता मला हाच कागद खोटा पाडणारा दुसरा कागद शोधायचा होता.

वाशीमला माजी सैनिकांची कामं पाहणारे एक साहेब आहेत, स्वतः फौजेतून आलेले. त्यांनी मोठेबाबांना उभं राहून सलाम केला, खुर्ची दिली, चहा मागवला. मग नियम सांगितला, आणि सांगताना त्यांचाच आवाज खाली गेला. सैन्याच्या मोठ्या दवाखान्यात असे तुकडे रोज पाहणारे डॉक्टर आहेत, पण तिथं जायला कार्ड लागतं. कार्ड मिळतं ज्याला पेन्शन आहे त्याला, किंवा नोकरीत अपंगत्व आलं असं ज्याच्या कागदात लिहिलंय त्याला. मोठेबाबांनी पेन्शनच्या आधीच फौज सोडली. आणि कागदात लिहिलंय फिट. त्या वेळच्या दवाखान्याची नोंद मिळाली तर मात्र अर्ज करता येईल, पाय वाचवायची वाट तीच आहे, असं म्हणून त्यांनी कुठं लिहायचं ते सांगितलं.

कोणत्या दवाखान्यात होतात, हे अर्जात लिहायचं होतं. मोठेबाबांना आठवत होतं की आधी तंबू होते आणि जवळून नदी वाहत होती. मग आगगाडीनं एका मोठ्या शहरात नेलं. शहर कोणतं? तर तिथली नर्स मल्याळी होती आणि इथं डाळीत खोबरं घालत नाहीत म्हणून रागवायची. मी अर्जात नर्सही लिहिली असती, पण रकाना लहान होता.

दूरच्या राज्यातून उत्तर आलं. फार सभ्य भाषेत होतं. त्या काळातल्या दवाखान्याच्या नोंदी ठरावीक मुदत संपल्यावर नियमानं नष्ट केल्या आहेत. आमच्याकडं असलेल्या कागदानुसार आपण सेवेतून बाहेर पडताना तंदुरुस्त होतात. सोबत आधार म्हणून प्रत जोडली होती. मी ती ओळखली. आमच्या भिंतीवरचीच होती, फक्त हळदीकुंकू नव्हतं.

मला वाटलं होतं कुठंतरी एखादा उर्मट माणूस भेटेल. मी दुकानात बसून त्याच्याशी भांडायची वाक्यंही तयार ठेवली होती. पण भांडायला कोणी मिळालंच नाही. शेजारच्या जिल्ह्यातल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेलो, तर फाटकावरच्या शिपायानं मोठेबाबांची काठी पाहून आतून चाकांची खुर्ची आणली. आतल्या बाईंनी कार्ड नाही म्हणून सांगताना दोनदा माफी मागितली आणि परतीच्या बसची वेळ काढून दिली. जो तो हात जोडत होता. मोठेबाबाही हात जोडत होते. सगळ्यांचे हात जोडलेले आणि मधे त्यांचा डावा पाय जमिनीवर घासत चाललेला.

वाशीमच्या साहेबांनी आणखी एक वाट दाखवली. जखम झाली तेव्हा जवळ असलेल्या कोणा साथीदाराचं लिहून घेतलेलं बयाण मिळालं तर त्याच्या जोरावर पुन्हा अर्ज करता येईल. मोठेबाबांना ज्यानं उचलून नेलं तो पंजाबातला होता. त्यानं पूर्वी पाठवलेल्या दिवाळीच्या भेटकार्डांवरचा पत्ता, त्या गावचा कोणीतरी ओळखीचा, त्याचा भाचा, असं करत मी एकदाचा त्याच्या घरचा फोन मिळवला. त्या दिवशी मी इतका खूश होतो की दुकानात सगळ्यांना पेढे दिले.

फोन लावून मोठेबाबांच्या हातात दिला आणि मी समोर बसलो. तिकडून मोठा भरदार आवाज आला, फोनबाहेर ऐकू येत होता. दोघंही हिंदीत ओरडून बोलत होते. लोणच्याची कोणती बरणी कोणी चोरली होती यावर त्यांचं बराच वेळ चाललं. मग कोण गेलं, कोण आहे, कोणाची पोरं परदेशात आहेत. मी हातानं पाठीकडं खुणा करत होतो. मोठेबाबा मान हलवत होते आणि हसत होते. फोन ठेवल्यावर मी विचारलं, छर्ऱ्याचं विचारलं का?

"इतका खूश झाला होता तो," ते म्हणाले. "त्यात कायले मधात छर्रा आणू?"

मी म्हटलं, मी उद्या लावतो. मी लावला. मुलानं उचलला. तो म्हणाला, कालचा दिवस फार चांगला गेला, बाबांना कधीकधी असं आठवतं, पण आज सकाळपासून ते मलाच ओळखत नाहीत. मी आणखी काही दिवस लावत राहिलो. तसा दिवस पुन्हा आला नाही.

हे सगळं होईतो काठी गेली आणि चारपायी वॉकर आला. मोठेबाबा वावरातून अंगणात आले, अंगणातून ओसरीवर. उजवा पायही आता जड लागतो असं ते एकदा म्हणाले, ते मोठाईला नाही, मला, आणि तेही बिडी शोधत असल्यासारखे इकडंतिकडं पाहत. मी त्यांना घेऊन अकोल्याच्या एका मोठ्या सर्जनकडं गेलो. मोठाई म्हणाली मीही येते, आणि डबा बांधून सोबत बसली. सर्जनांनी एक्स-रे पाहिला, आमची फाइल पाहिली. फाइल जाडजूड होती, सगळ्या अर्जांच्या तीन-तीन प्रती, दुकान घरचंच. त्यांनी ती शेवटपर्यंत चाळली आणि मिटली. एमआरआयशिवाय मणक्यात सुई घालून औषध सोडून करायची एक तपासणी असते, पण या वयात, जुन्या जखमेच्या जागी, आत काय शिवलंय आणि काय सोडलंय हे न कळता मी सुई घालणार नाही, असं ते म्हणाले. एमआरआयवाले घेतात का बघा. घेतलंच तर चित्र घेऊन या, मी लगेच पाहतो.

एमआरआयच्या ठिकाणी थंडगार होतं. काउंटरच्या मागं चष्मा लावलेली एक मुलगी बसली होती, माझ्या पुतणीच्या वयाची. आत जायच्या आधी ती प्रत्येकाला काही प्रश्न विचारत होती आणि उत्तरं लिहून घेत होती. चाव्या, पैसे, घड्याळ बाहेर ठेवायला लावत होती. मोठेबाबांनी वॉकरवर भार देऊन पाठ सरळ केली.

"आजोबा, शरीरात काही धातू आहे का? स्क्रू, पट्टी, गोळी, छर्रा?"

मोठेबाबांनी टाचा जुळवायचा प्रयत्न केला. उजवी आली, डावी आली नाही.

"नाही," ते म्हणाले. "सब ठीक."

मुलीनं लिहिलं. एक्स-रेचं पाकीट माझ्या काखेत होतं. मी ते आणखी घट्ट दाबून धरलं. मला त्या वेळी एवढंच दिसत होतं की आतलं दार उघडं आहे आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एक दार उघडं आहे. दाणा पितळेचाही असू शकतो, मी मनात म्हणत होतो. माणसं काय वाटेल ते पाठीत घेऊन फिरतात.

मोठाई बाकावरून उठली. ती कधी अशा ठिकाणी तोंड उघडत नाही, वाशीमच्या बँकेतही मला पुढं करते. ती काउंटरपाशी आली आणि काचेवर हात ठेवून मुलीला म्हणाली, "बाई, हे खोटं बोलून राह्यले. याइच्या पाठीत हाये. रोजचं तेल माह्या हातचं हाये, मले ठाऊक हाये."

मुलीचा पेन थांबला. मोठेबाबा मोठाईकडं डोळे वटारून पाहत होते. मग ते हळूच म्हणाले, "अवं, पाय वाचले तं वाचले."

"आन् मशीनमधी तो दाणा हालला तं?" मोठाई म्हणाली. "एक डाव सब ठीक म्हणून मले आणलं. आता सब ठीक म्हणून कोठी जासान?"

ते वॉकरची मूठ चाचपायला लागले. ती म्हणाली, "पाय माह्या बापानं पाह्यले होते. म्या नव्हते पाह्यले."

मुलीनं विचारलं, तो कशाचा आहे याचा काही कागद आहे का. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी फाइल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. तिनं आत जाऊन मोठ्या डॉक्टरांना विचारलं. ते स्वतः बाहेर आले, एक्स-रे पाहिला, आणि त्यांनीही हात जोडले.

परतीच्या एसटीत मोठेबाबा खिडकीपाशी झोपले. मोठाईनं डबा उघडला, तिघांच्या भाकरी तशाच होत्या. मी तिला विचारलं, लग्नाआधी तुला माहीत होतं का? तिनं एका भाकरीवर ठेचा लावला. मग म्हणाली की साक्षगंधाच्या दिवशी ती दाराच्या फटीतून पाहत होती. माघातली थंडी होती, माणसं घोंगड्या घेऊन बसली होती. ते बादली घेऊन आले आणि परत जायला वळले, तर पाठीवरचा सदरा घामानं चिंब झालेला.

"बापाले सांगतलं नाही?"

"कायले सांगू? थो निस्ते पाय पाहून राह्यला होता," ती म्हणाली आणि माझ्या हातावर भाकरी ठेवली.

त्यानंतर मी आणखी दोन ठिकाणी अर्ज केले. उत्तरं आली, सभ्य होती. वाशीमचे साहेब अजून अधूनमधून दुकानात येतात, एखादी प्रत काढतात, मोठेबाबांची चौकशी करतात, आणि आम्ही दोघं मशीनच्या झाकणाकडं पाहत उभे राहतो. सव्वीस जानेवारीला शाळेनं त्यांना याही वर्षी बोलावलं. ध्वजाची दोरी त्यांच्या हातात दिली तेव्हा मी आणि माझ्या भावानं दोन्ही बाजूंनी काखेत हात घालून त्यांना उभं धरलं. लोकांना वाटलं असेल आम्ही फोटोसाठी जवळ उभे आहोत. या वेळची शाल मात्र पेटीत गेली नाही. ती त्यांच्या गुडघ्यांवर असते, कारण पाय गार पडले तरी त्यांना कळत नाही आणि मग मोठाईला हात लावून पाहावं लागतं.

फ्रेम आम्ही काढली नाही. मी काढायला स्टुलावर चढलो होतो. मोठाई म्हणाली, राहू दे, माह्या बापाची हाये.

या उन्हाळ्यात जवळच मालेगावला आमच्यातलंच एक लग्न होतं. मोठेबाबांना चाकांच्या खुर्चीत बसवून नेलं. चप्पल पायात राहत नाही, म्हणून मोठाईनं त्यांना नाडीचे बूट घातले होते, लग्नाच्या धोतराखाली काळे बूट. जेवणं झाली, माणसं सावलीत पसरली, आणि नवरीच्या मामानं मला हाक मारली की तो चपलेचा किस्सा होऊ द्या. मी म्हटलं, आज नको, घसा बसलाय. दुसऱ्या दोघांनी आग्रह केला. मी घशाला हात लावून दाखवला. वर्षभरात मी तो किस्सा कुठंच सांगितला नव्हता, आणि पुन्हा सांगायचा नाही असं ठरवलंही होतं.

तेवढ्यात खुर्चीतून आवाज आला.

"सांग ना बावा. असा काय करतं? कुत्रं घालजो त्यात."

मग मी सांगितला. हरभऱ्यापासून सुरू केला, चिखल, चप्पल, मोठाईच्या शेंगा. तलाठी वगळला. कुत्रं घातलं. माणसं हसायला लागली, मागच्या रांगेतल्यांना ऐकू यावं म्हणून मी आवाज चढवला, घसा काही बसलेला नव्हता. मोठेबाबा उपरण्यानं डोळे पुसत हसत होते. खुर्चीपाशी मोठाई खाली बसली होती. त्यांच्या डाव्या बुटाची नाडी सुटली होती, ती तिनं ओढून बांधली, आणि मग बुटाच्या वर, घोट्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली. ते कुत्र्याला हसत होते. तिचा हात तिथं आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.